‘हाय, खरं गावत न्हाई’

आमच्या बेळगाव भागातल्या मराठीत ‘पण’ या शब्दाच्या जागी सर्रास ‘खरं’ म्हणतात. पुण्या-मुंबईचा पाहुणा त्यामुळे हमखास गोंधळतो. ‘येतो म्हणालाय, खरं येत न्हाई’ असे कुणी म्हटले की, त्यातले खरे कोणते आणि खोटे कोणते याचा तो विचार करीत बसतो. तीच गत ‘गावणे’ या क्रियापदाची. सापडणे, मिळणे, हाती लागणे या साऱ्याला आम्ही ‘गावणे’ म्हणतो. हे दोन्ही शब्द एकत्र आले की इथल्या घराघरांतून, कचेऱ्यांतून आणि शाळांतून दिवसात दहा वेळा ऐकू येणारे वाक्य तयार होते : ‘हाय, खरं गावत न्हाई.’ वस्तू आहे, पण सापडत नाही. ऐकणाऱ्याला ही टाळाटाळ वाटते, आणि पुष्कळदा ती असतेही. मात्र या वाक्यात एक मोठा विवेक दडलेला आहे. ‘नाही’ आणि ‘सापडत नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या वाक्याला ठाऊक आहे. हा विवेक संगणकाच्या बाबतीतही किती उपयोगी पडतो, याचा अनुभव २०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या शाळेला आला. त्याचीच ही हकिकत.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. आमच्या शाळेत ‘शब्दपेटी’ नावाचा एक उपक्रम चालतो. नववीच्या मुलांनी आपल्या घरातल्या, शेजारपाजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून इथल्या बोलीतले शब्द गोळा करायचे, त्यांचे अर्थ लिहायचे आणि शेजारी कन्नडमध्ये त्याला काय म्हणतात तेही लिहायचे. सीमेवरच्या गावात हा खेळ फार रंगतो. तूप, अक्का, अण्णा, अडकित्ता हे आपण अस्सल मराठी म्हणून वापरतो ते शब्द मुळात कन्नडच्या दारातून आत आले, हे कळले की मुलांचे डोळे विस्फारतात. आणि कन्नड घरातल्या भाकरीला तिकडेही भाकरीच म्हणतात हे कळले की हसू फुटते. उंबरठा एकच असला की शब्द दोन्हीकडून ये-जा करतात. मी एम. ए. मराठीचा. भाषाशास्त्राच्या पुस्तकातून जे शिकवताना माझी दमछाक होई, ते या पेटीने मुलांना हसतखेळत शिकवले.

सुरुवातीला हे सारे वह्यांत होते. २०१९ साली आमचा एक माजी विद्यार्थी, तेव्हा अभियांत्रिकीला होता, सुट्टीत गावी आला आणि त्याने हे काम संगणकावर आणून दिले. प्रत्येक शब्दाची एक साधी मजकुराची फाइल, आणि साऱ्या फाइली एकत्र करून छापखान्याला देण्याजोगी पुस्तिका तयार करणारी एक स्क्रिप्ट.

‘स्क्रिप्ट’ म्हटले की माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराच्या डोळ्यांपुढे लिपी येते. नाटकवाल्यांना संहिता आठवते. संगणकवाल्यांची स्क्रिप्ट म्हणजे ओळीने लिहून ठेवलेल्या आज्ञा. पहिले हे कर, मग ते कर, अमुक झाले नाही तर थांब आणि तसे सांग. तिची एक लकब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ती सगळी कामे स्वतः करीत नाही. लग्नघरच्या कारभाऱ्याप्रमाणे ती ज्याचे काम त्याला हाक मारून बोलावते. आणि ही हाक बहुतेक वेळा नुसत्या नावाने असते. पत्ता ती सांगत नाही.

आमच्या स्क्रिप्टला ज्याला हाक मारावी लागते त्याचे नाव ‘गिट’. फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारी ही आज्ञावली. हे प्रकरण काय आहे ते शाळेत वावरलेल्या माणसाला समजायला मुळीच अवघड नाही, कारण आमचे जनरल रजिस्टर त्याच तत्त्वावर चालते. जनरल रजिस्टरात मुलाचे नाव किंवा जन्मतारीख चुकीची पडली तर ती खोडरबराने पुसायची नसते. जुना मजकूर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची, वर नवा मजकूर लिहायचा, तारीख घालायची आणि मुख्याध्यापकाने सही करायची. पन्नास वर्षांनी कुणी विचारले तर आधी काय होते, मग काय झाले, कधी झाले आणि कुणी केले, हे सारे त्या पानावर दिसले पाहिजे. गिटदेखील हेच करते. बदल झाला की त्याची नोंद होते. करणाऱ्याचे नाव, वेळ आणि एक छोटी टीप सोबत राहते. प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरूनच काढलेली ४० अक्षर-अंकांची खूण मिळते, आणि प्रत्येक नोंदीत तिच्या आधीच्या नोंदीची खूण लिहिलेली असते. मागच्या पानावर कुणी गुपचूप एक अक्षर बदलले तरी पुढच्या साऱ्या खुणा बदलतात आणि लबाडी उघडी पडते. आमच्या रजिस्टरालासुद्धा इतका कडक पहारा नाही.

अशा आज्ञावली आजच्या नव्हेत. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली ‘एससीसीएस’ लिहिली, १९८२ साली वॉल्टर टिची यांची ‘आरसीएस’ आली, पुढे ‘सीव्हीएस’ आणि २००० सालापासून ‘सबव्हर्जन’. गिट एप्रिल २००५ मधले. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स आणि त्यांचे सहकारी तोवर ‘बिटकीपर’ नावाची एक व्यापारी आज्ञावली फुकट वापरीत होते. ती सवलत बंद झाली, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी स्वतःच नवे साधन लिहायला घेतले. आज जगभरची निम्मीअधिक संगणकी कामे त्याच्या आधाराने चालत असतील. आमच्या खेड्यातली शब्दपेटी हे त्यातले एक कणभर काम.

आमच्या पेटीत गिटचे महत्त्व एवढ्यासाठी की, शब्द भरणाऱ्या मुलाचे नाव, तारीख आणि तो शब्द घरात कुणी सांगितला ही टीप, या तीनही गोष्टी शब्दाच्या फायलीत नसून गिटच्या नोंदीत आहेत. स्क्रिप्ट गिटला हाक मारते, त्याच्याकडून ही माहिती घेते आणि प्रत्येक शब्दाखाली बारीक टाइपात छापते. एक उदाहरण देतो. ‘वाकळ’ या शब्दाचा अर्थ एका मुलीने पहिल्यांदा ‘पांघरायची घोंगडी’ असा लिहिला होता. आमच्या कन्नडच्या बाईंनी, त्या आता निवृत्त झाल्या, तो पाहिला आणि मुलीला सांगितले, ‘‘अगं, घोंगडी मागावर विणतात. वाकळ जुन्या लुगड्यांचे थर देऊन हाताने शिवतात. आमच्यात तिला कौदी म्हणतात.’’ मुलीने अर्थ सुधारला. आज पेटीत दोन्ही नोंदी आहेत. पहिलीखाली मुलीचे नाव आणि ‘सांगणार : आजी’, दुसरीखाली तेच नाव आणि ‘सांगणार : कन्नडच्या बाई’. एका शब्दावर मराठी आजी आणि कन्नड बाई अशा दोघींचा हात फिरला, हे त्या दोन ओळींवरून कळते. नुसत्या अर्थावरून ते कधीच कळले नसते. पुढे २०२१ च्या करोनाच्या लाटेत ती आजी गेली. तिच्यासारखी आणखीही काही माणसे तेव्हापासून आजपर्यंत गेली. त्यांच्यातल्या अनेकांची नावे छापील अक्षरांत कुठे असतील तर ती याच पुस्तिकेत.

आता फेब्रुवारीकडे येतो. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. मराठी भाषा गौरव दिनाला पुस्तिकेची नवी आवृत्ती काढायची असे ठरले होते आणि छापखान्याला १७ तारखेला, सोमवारी, मजकूर द्यायचा होता. महिनाभर आधीच जुना संगणक बंद पडून शाळेत नवा आला होता. जुन्यातली कामाची कागदपत्रे दुकानाच्या कारागिराने नव्यात उतरवून दिली होती. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर संगणकाच्या सरांनी स्क्रिप्ट चालवली, आणि ती पहिल्याच पायरीवर थांबली. काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली. तिचा अर्थ एवढाच, की हवे असलेले गिट सापडले नाही.

नव्या संगणकावर गिट नसणारच, तेव्हा सरांनी ते इंटरनेटवरून उतरवून बसवले. पुन्हा स्क्रिप्ट चालवली. पुन्हा तीच ओळ. सर गोकाकच्या बाजूचे, घरी कन्नड बोलणारे. मराठी झकास बोलतात, पण मन कातावले की मातृभाषेवर येतात. पडद्याकडे बोट दाखवीत ते म्हणाले, ‘‘ऐत्री सर, आद्र सिगवल्दु!’’ आहे सर, पण सापडत नाही. शब्दाला शब्द लावून पाहा. ‘हाय, खरं गावत न्हाई’चा याहून नेमका अनुवाद कोणत्याही कोशात मिळायचा नाही.

तासभर खटपट झाल्यावर सरांनी एक व्यवहारी तोड सुचवली. स्क्रिप्टमधल्या गिटला हाक मारणाऱ्या चारसहा ओळी काढून टाकाव्यात. शब्द येतील, अर्थ येतील, पुस्तिका वेळेवर होईल. फक्त खालची नावे येणार नाहीत. सुचवण्यात त्यांचे काही वावगे नव्हते. अडलेल्या कामातून वाट काढायची म्हणजे असेच काही करावे लागते. शब्दांची पडताळणी करायला नववीतल्या दोनतीन मुली थांबल्या होत्या. त्यांतली एक हळूच म्हणाली, ‘‘सर, आमच्या आजीचं नाव हाय की त्यात.’’ वाकळीची नोंद करणाऱ्या मुलीची ही धाकटी बहीण. मी सरांना म्हटले, ‘‘ओळी राहू द्यात. नावं नसतील तर ही पुस्तिका म्हणजे बाजारातला कोणताही शब्दकोश. सोमवारपर्यंत वेळ आहे.’’ आणि ज्याने हे सारे रचले त्या माजी विद्यार्थ्याला, आता तो पुण्यात नोकरीला असतो, फोन लावला.

‘‘सर, गिट बसवलंय का?’’

‘‘बसवलंय रे. डोळ्यांनी दिसतंय.’’

‘‘मग पाथमध्ये नसणार. सर, आपल्या मामांना आठवा. तुम्ही मामांना सांगता, गणिताच्या सरांना बोलव. मामा कुठं कुठं बघतात?’’

‘‘आधी शिक्षकखोलीत. मग कचेरीत. मग दहावीच्या वर्गात.’’

‘‘आणि सर त्या वेळी मागच्या प्रयोगशाळेत बसले असले तर?’’

‘‘तर परत येऊन सांगणार, न्हाईत म्हणून.’’

‘‘तसंच आहे हे. पाथ म्हणजे मामांच्या फेरीची यादी.’’

शाळेतला शिपाई ज्याने पाहिला आहे त्याला ही उपमा पुढे सांगावी लागत नाही. संगणकाकडे फोल्डरांची एक ठरलेली यादी असते. तिला ‘पाथ’ म्हणतात, वाट म्हणा. कुणी नुसत्या नावाने हाक मारली की संगणक या यादीतल्या जागा ओळीने पाहतो. पहिल्या जागेत नाही, दुसऱ्या. दुसऱ्या जागेत नाही, तिसऱ्या. यादी संपली की ‘सापडले नाही’ म्हणून मोकळा होतो. सारी शाळा तो धुंडाळत नाही, आणि धुंडाळत नाही तेच बरे. एका हाकेसाठी लाखभर फायली चाळत बसला तर कामच व्हायचे नाही. ही युक्ती जुनी आहे. युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीतल्या बोर्न शेलपासून ती चालत आली. युनिक्सच्या घराण्यात यादीतल्या जागा अपूर्णविरामाने वेगळ्या करतात, विंडोजमध्ये अर्धविरामाने, रीत तीच.

यादीच्या क्रमालाही अर्थ आहे. एकाच नावाचे दोन शिक्षक असले तर मामांना जो आधी भेटेल तोच येऊन उभा राहणार. संगणकावर गिटच्या दोन प्रती असल्या तर यादीत आधी असलेल्या फोल्डरातली प्रत चालते. कधी कधी ‘नवी आवृत्ती बसवली तरी जुनीच चालते’ अशी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ येथे असते.

विद्यार्थ्याने फोनवरून सांगितले आणि ती नववीची मुलगी टंकत गेली. आधी तिने काळ्या खिडकीत ‘व्हेअर गिट’ ही आज्ञा दिली. यादीतल्या कोणत्या जागेत गिट आहे हे सांगणारी ही आज्ञा. उत्तर आले, कुठेच नाही. मग तिने सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, गिट आणि त्यातले सीएमडी असे एकात एक फोल्डर उघडून पाहिले. गिट तिथे स्वस्थ बसलेले होते. घर होते, माणूस होता, फक्त फेरीच्या यादीत त्या घराचे नाव नव्हते.

हे झाले कसे, याचाही उलगडा झाला. विंडोजवर गिट बसवताना मध्येच एक पान येते. गिट फक्त त्याच्या स्वतःच्या ‘गिट बॅश’ खिडकीत वापरायचे, की इतर आज्ञावलींनाही सापडू द्यायचे, असा प्रश्न त्यावर असतो. दुसरा पर्याय निवडला तर पाथमध्ये नोंद आपोआप होते. पहिला निवडला तर होत नाही. घाईच्या वेळी असली पाने कुणी वाचत नाही. बँकेच्या अर्जाची मागची बाजू तरी कोण वाचतो?

आता दुरुस्ती. तिचे दोन मार्ग होते. एक, स्क्रिप्टमध्येच गिटचा पुरता पत्ता लिहून टाकायचा. सरांना तो पसंत होता, कारण झटपट होता. विद्यार्थ्याने नको म्हटले. ‘‘सर, चिठ्ठीवर ‘खोली नंबर सात’ लिहिल्यासारखं होईल. सरांनी खोली बदलली की चिठ्ठी फुकट.’’ त्याचे खरे होते. संगणकावर मुख्य अधिकार नसलेल्या माणसाने गिट बसवले तर ते प्रोग्राम फाइल्समध्ये जात नाही, त्या माणसाच्या स्वतःच्या फोल्डरांत जाते. म्हणजे आज कचेरीतल्या संगणकावर चालणारी स्क्रिप्ट उद्या वाचनालयातल्या संगणकावर पुन्हा अडणार. म्हणून दुसरा मार्ग धरला, यादीच दुरुस्त करण्याचा. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ नावाची खिडकी असते. तिथे ‘पाथ’ निवडून ‘एडिट’ दाबले की जागांची यादी दिसते. ‘न्यू’ दाबून तळाशी त्या सीएमडी फोल्डरचा पत्ता वाढवायचा आणि ‘ओके’ करीत बाहेर यायचे. आधीच्या ओळींना हात लावायचा नाही. त्या दुसऱ्या कुणाच्या तरी वाटा असतात. काळ्या खिडकीतून ‘सेटएक्स’ ही आज्ञा देऊनही हे करता येते, पण ती आज्ञा १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते. यादी लांब असली तर एकाला वाट करून देताना चौघांची बंद व्हायची.

पत्ता वाढवला, मुलीने त्याच काळ्या खिडकीत पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा ‘सापडले नाही’! सरांनी हात टेकले. फोनवरून हसण्याचा आवाज आला. ‘‘ती खिडकी बंद करा. नवी उघडा. तिच्या हातात अजून सकाळचीच यादी आहे.’’ प्रत्येक खिडकी उघडताना त्या क्षणाची यादी बरोबर घेऊन बाहेर पडते. नंतर कचेरीत यादी बदलली तरी बाहेर पडलेल्याला त्याचा पत्ता नसतो. नवी खिडकी उघडली, आणि गिटने आपला आवृत्ती-क्रमांक सांगितला. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या अवघे दोन मिनिटे टिकल्या. स्क्रिप्ट आता पुढे गेली, गिटला हाक मारली, गिट आले. आणि त्यानेच सांगितले की या फोल्डरात कसलाही इतिहास नाही. शब्दांच्या हजारावर फायली समोर होत्या, पण कुणी, कधी, कुणाकडून, यातले काही नव्हते. फोनवर आमचा विद्यार्थीही क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘प्रत उतरवताना लपलेलं फोल्डर राहून गेलं असेल, सर.’’ गिट आपले सारे दप्तर त्याच फोल्डरात ‘टिंब गिट’ अशा नावाच्या एका उपफोल्डरात ठेवते आणि विंडोजवर ते एरवी डोळ्यांना दिसत नाही. फोल्डर सबंध उचलले तर ते बरोबर येते. आत शिरून दिसतील तेवढ्या फायली निवडून उतरवल्या तर ते मागे राहते. कारागिराने तसेच केले असणार. ‘‘जुना संगणक कुठाय सर?’’

इथे आमच्या सरकारी रीतिरिवाजाचे उपकार मानले पाहिजेत. शाळेतली कोणतीही वस्तू मोडीत काढायची तर डेडस्टॉक रजिस्टर, पाहणी, ठराव, मंजुरी असे सोपस्कार असतात, आणि ते महिनाभरात झाले असे मी तरी ऐकलेले नाही. जुना संगणक प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या आड, धूळ खात होता. त्याचा वीजपुरवठ्याचा भाग जळला होता, पण आतली डिस्क शाबूत होती. सरांनी ती स्क्रू काढून बाहेर घेतली, बेळगावातून एक यूएसबीचा डबा आणून तिला जोडला आणि रविवारी सकाळी आम्ही पुन्हा बसलो. लपलेल्या गोष्टी दाखवण्याची सोय चालू केल्यावर ते फिकट रंगाचे फोल्डर दिसले. या वेळी सबंध पेटीच उचलून नव्या संगणकात आणली. स्क्रिप्ट चालली. पाने भरत गेली. व-च्या पानाशी आल्यावर मुलीने स्वतःच थांबवून पाहिले. ‘वाकळ’, खाली बहिणीचे नाव, २०१९ सालची तारीख, आणि ‘सांगणार’ या शब्दापुढे आजीचे नाव. ती काही बोलली नाही. खिशातल्या रुमालाने पडद्यावरची धूळ तेवढी पुसली.

या प्रकरणानंतर माझ्या मनात आमच्या भागातले दुसरेच शोध घोळत राहिले. मध्यंतरी एक पालक आपल्या आजोबांच्या शाळाप्रवेशाचा दाखला शोधीत होते. गावच्या जुन्या प्राथमिक शाळेने नोंद नाही असे सांगितले. नोंद होती, पण ते रजिस्टर मोडीत होते आणि पाहणाऱ्याला मोडी येत नव्हती. देवनागरी नावांच्या मागे लागलेल्या डोळ्यांना मोडीतला माणूस कसा गावणार? १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातल्या १२ शहरांची नावे बदलली आणि बेळगाव कागदोपत्री बेळगावी झाले. जुन्या दाखल्यावर एक स्पेलिंग, नव्यावर दुसरे. संगणकात एका स्पेलिंगने शोधले तर दुसऱ्याखालची माणसे त्याच्या लेखी जन्मलेलीच नसतात. आमच्या मुलांची नावे तर तीन लिप्यांत लिहिली जातात, मराठीत एक, कन्नडमध्ये एक आणि इंग्रजीत एक, आणि तिन्ही एकमेकांशी जुळतातच असे नाही. ‘तुमचं नाव यादीत नाही’ हे वाक्य सीमेवरच्या माणसाने आयुष्यात किती वेळा ऐकलेले असते! ते ऐकून गप्प घरी परतणारेच फार. खरे म्हणजे त्या वेळी विचारायला हवे : कोणत्या यादीत? कोणत्या लिपीत शोधलेत? यादी कधीची आहे?

यंत्राचा मला राग येत नाही. त्याने तर अगदी प्रामाणिकपणे सांगितले होते, की मला दिलेल्या जागांत मी पाहिले, तिथे मिळाले नाही. त्याचा ‘वस्तूच नाही’ असा अर्थ काढतो तो आपण. आणि एकदा ‘नाही’ असा अर्थ काढला की पुढची पायरी सोपी असते. त्या ओळी काढून टाकाव्यात, नावाविनाच भागवावे, पुढे चालू लागावे. शब्द राहतात, अर्थ राहतात. कुणी सांगितले तेवढे जाते. भाषा अशीच थोडी थोडी परकी होत जाते.

आमच्या स्क्रिप्टमध्ये त्या मुलीने नंतर एक छोटी सुधारणा केली. पूर्वी तिथे ‘गिट सापडले नाही’ एवढीच इंग्रजी ओळ येत असे. आता मराठीत चार ओळी येतात : ‘गिट यादीतल्या जागांत मिळाले नाही. आधी बसवले आहे का पाहा. बसवले असल्यास पाथ तपासा. मग नवी खिडकी उघडा.’ त्याखाली संगणकाच्या सरांनी तोच मजकूर कन्नडमध्येही घातला, कारण पुढच्या वर्षी ती ओळ वाचणारा कुणाच्या घरचा असेल हे आज कसे सांगावे? दोन्ही बदलांची नोंद रीतसर झाली आहे, दोघांच्या नावानिशी आणि तारखेनिशी. पुस्तिका २७ तारखेला निघाली. शंभर प्रती होत्या, त्या संपल्या. वाकळीच्या पानाची घडी घालून एक प्रत त्या मुलीची आई घेऊन गेली.